अक्काच्या वहीतलं एक वाक्य

स्मिताचा फोन सकाळी सव्वासातला आला. मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं होतं. "मावशी, आई गेल्या," ती म्हणाली. सख्ख्या बहिणीच्या मरणाची बातमी ऐकल्यावर बाई काय म्हणते? "अगं बाई!" म्हणते, "कधी गं?" म्हणते, निदान मटकन खाली तरी बसते. मी विचारलं, "नक्की?" तोंडातून शब्द निघाला आणि माझं मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण स्मिता, म्हणजे अक्काची सून, रागावली नाही. म्हणाली, "मीपण डॉक्टरांना दोनदा विचारलं. त्यांनी दोन्ही वेळा नीट तपासलं, मावशी." ज्या घरात अक्का 'आता नाही' असं एकदा सांगून झालं होतं आणि ती होती, अकरा आठवडे नुसती पडून सगळं ऐकत होती, त्या घरात हा प्रश्न कुणाला वेडगळ वाटत नाही.

साताऱ्याहून सांगलीला पोचायला मला साडेअकरा वाजले. सगळी तयारी झाली होती, माझ्यासाठीच थांबले होते. मी तिच्या उशाशी बसले आणि कानाला तोंड लावून म्हटलं, "अक्का, ऐकतेयस? असशील तर वर बघ." डोळे मिटलेले होते तरी म्हटलं. एकदा, दोनदा, चारदा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी अजितनं, तिच्या मुलानं, माझा दंड धरला. "मावशी, बास आता." मी त्याच्यावर खेकसले, "तुला घाई कसली झालीय रे?" पोराचा चेहरा एवढासा झाला. चौदा महिने आईची कूस बदलणाऱ्या मुलाला मी हे बोलले. माझी जीभ अशी. आमची आई म्हणायची, देवानं दोघींच्या वाटची जीभ एकीलाच देऊन टाकली.

अक्का म्हणजे शालन, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही दोघी कोयनानगरच्या कॉलनीत वाढलो, वडील धरणावरच्या वर्कशॉपमध्ये होते. तिथल्या माणसांना एक खोड असते, ती मरेपर्यंत जात नाही. जमीन हादरल्यासारखी वाटली की कॉलनीतला माणूस आधी वर बघतो. छतावरून लोंबणारा दिवा हलतोय का? हलत असेल तर बाहेर पळायचं, नसेल तर पुढचा घास घ्यायचा. आम्ही जेवताना, अभ्यास करताना, भांडताना वर बघत असू. एखादी लॉरी गेली तरी बघत असू. पुढं लग्न होऊन अक्का सांगलीला विश्रामबागेत गेली, मी साताऱ्यात शाळेत शिकवायला लागले, दिव्यांच्या जागी पंखे आले, तरी खोड तीच. एकमेकींना चिडवायचो, "काय गं, हलतंय का?" हा आमच्या दोघींचा जन्माचा विनोद होता. तो इतका महागात पडेल असं कुणाला वाटलं होतं!

ती कमी बोलायची. घुमी नव्हे हं. तिला बोलायची गरजच पडत नसे, कारण शेजारी मी असे. शेजारच्यांची काच मी फोडावी आणि "कुणी फोडली?" म्हणून आई ओरडली की अक्कानं मान खाली घालून उभं राहावं. माझं नाव तिनं कधी, एकदाही, सांगितलं नाही. भाऊजी गेले तेव्हा अजित सातवीत होता. अक्कानं रडून घेतलं आणि पुढच्या खोलीत शिलाई मशीन मांडलं. बघता बघता विश्रामबागेपासून कुपवाडपर्यंतच्या बायका तिच्याकडं ब्लाऊज टाकायला लागल्या. मी तेवढी कधी तिच्याकडं शिवलं नाही. मला साताऱ्याचा फॅशनचा टेलर लागायचा. अक्काच्या बाह्या ढगळ होतात असं मी चारचौघांत म्हणायची, आणि ती हसायची.

मशीनवर बसलेली असतानाच तिला झटका आला. मान पुढं कापडावर कलली, ती स्मितानं येऊन उचलली. मेंदूच्या खाली, मानेशी जो देठासारखा भाग असतो तिथं रक्त पोचलं नव्हतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तीन आठवडे ती बेशुद्ध होती. मग डोळे उघडले. आम्ही धावलो, हाका मारल्या, पण बोट हलेना, ओठ हलेना, मान वळेना, नजरही डावी-उजवीकडं फिरेना. डॉक्टर भला माणूस होता, समजावून सांगत होता. डोळे उघडणं म्हणजे शुद्ध येणं नव्हे, म्हणाला. आशा फार धरू नका, म्हणाला. मग नाकात नळी, गळ्याला भोक, अशी तिला घरी आणली आणि मशीन भिंतीला सरकवून त्याच खोलीत तिची कॉट लावली.

एकच गोष्ट ती करायची. मधूनच तिचे डोळे वर जायचे. कुणी खोलीत आलं, बोललं, की बुबुळं वर, छताकडं. अजितच्या काकू म्हणाल्या, "वर बघत्यात. बोलावणं आलंय त्यांना." त्यांनी कुलदैवताचा फोटो आणून समोरच्या भिंतीवर उंच टांगला, म्हणजे नजर रिकामी जायला नको. माणसं यायची, तिची नजर वर गेलेली बघून हात जोडायची. काय पुण्यवान बाई, म्हणायची. मला मात्र या सगळ्यांची कीव यायची. मला वाटायचं, यांना काय ठाऊक, ही आमची कोयनेची खोड! मेंदू विझला तरी तेवढी ठिणगी राहिली असणार, ती दिवा बघतेय. मग मी दर खेपेला तिच्या गालावर हात ठेवून म्हणायची, "नाही गं हलत पंखा. झोप तू." आणि तिचे डोळे पुन्हा वर जायचे, पुन्हा, पुन्हा. मी म्हणायची, "किती भित्री गं तू अजून!"

आता त्या दिवसाबद्दल लिहायला हवं. त्यासाठीच तर हे लिहायला बसलेय, नाहीतर बहिणीच्या आठवणी काय, मनातल्या मनातही काढता येतात.

घरी आणून तीन आठवडे झाले असतील. अक्काच्या पाठीला जखम झाली होती, स्मिता ती धूत होती. मी तिला कुशीवर धरून उभी होते. ते मी बघितलं आणि माझा धीर सुटला. रडले नाही, मला आधी राग येतो. अजितला हाक मारली आणि त्या दोघांना, अक्काच्या अंगावरून, कॉटच्या अलीकडं-पलीकडं उभं राहून सांगितलं, "हे काय चालवलंय तुम्ही? ही यात नाहीये. तुमची आई कधीच गेलीय, हे नुसतं तिचं कातडं आहे. आता नळी निघाली की पुन्हा घालू नका. जाऊ द्या तिला." स्मितानं मान वर न करता एवढंच म्हटलं, "ते माझ्यानं व्हायचं नाही, मावशी." मी आणखी चिडले. अक्काला सरळ केलं, तिच्या तोंडावर वाकले आणि विचारलं, "बोल बाई तूच, सोडवायची का तुला?" खरं उत्तर मागत नव्हते हो. वैतागलेलं माणूस भिंतीशी बोलतं तसं बोलले.

अक्काचे डोळे वर गेले.

"बघा," मी म्हटलं, "पंखाच बघतेय." पिशवी उचलली आणि पाचची गाडी धरली. त्यानंतर महिनाभर मी सांगलीला फिरकले नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

आणि मग कुपवाडची मंगल आली. ती तिथल्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. वीस वर्षं अक्काकडं ब्लाऊज शिवायची. मुलीचं बाळंतपण करायला गावी गेली होती, आल्यावर कळलं म्हणून स्कूटी घेऊन धावत आली. हे मी स्मिताच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की स्वतः तिथं असल्यासारखं वाटतं. मंगल कॉटशी बसली आणि सवयीनं बोलत सुटली. "आवं ताई, वळखलं का मला? मी मंगल." डोळे वर. "माझा त्यो मोरपंखी कपडा अजून हितंच हाय नव्हं?" डोळे वर. मंगल थबकली. मग तिनं विचारलं, "त्यो कापला का तुमी?" अक्कानं डोळे खाली नेले, जमिनीकडं. मंगलनं टाळी मारली आणि ओरडली, "आवं वहिनी, हिकडं या! ताई बोलायल्यात की! तोंडात टाचण्या असल्यावानी बोलायल्यात!"

ब्लाऊज अंगावर चढवून फिटिंग करताना अक्काच्या ओठांत कायम चारपाच टाचण्या असायच्या. तेव्हा बाईनं काही विचारलं तर ती डोळ्यांनी उत्तर द्यायची. हो असेल तर वर, नाही असेल तर खाली. गुरुवारपर्यंत मिळेल? वर. गळा आणखी खोल घेता येईल? खाली. सांगली-कुपवाडच्या शे-दीडशे बायकांना ही भाषा येत होती. मला, तिच्या पाठच्या बहिणीला, येत नव्हती. मी तिच्यासमोर टाचण्या लावून घ्यायला कधी उभीच राहिले नव्हते. स्मिताला विचारलं, तर ती बिचारी म्हणाली, "मी ड्रेसवाली, मावशी. मी रेडिमेड घेते."

अजितचा फोन आला तेव्हा तो रडत होता. "मावशी, आई आहे! आई आत आहे गं! डॉक्टर म्हणाले, शुद्धीवर आहे, पहिल्यापासून असणार. सगळं कळतं तिला!" आनंदानं उडी मारावी अशी बातमी. लाज वाटते लिहायला, पण पहिला विचार 'अक्का आहे' हा नव्हताच. पहिला विचार होता, ती ऐकत होती. कातडं म्हटलेलं. सगळं. आणि त्यापाठोपाठ दुसरा आला, तो अजून गेलेला नाही. वर म्हणजे हो. मी विचारलं होतं, सोडवायची का तुला, आणि ती हो म्हणाली होती… की नुसतंच 'मी आहे, मी आहे' सांगत होती? डोळे तर दोन्हीला वरच जाणार ना!

स्मितानं कॅलेंडरच्या पाठीवर सगळी अक्षरं ओळींनी लिहिली. पहिली ओळ? दुसरी? तिसरी? डोळे वर गेले की त्या ओळीतली अक्षरं एकेक म्हणायची. काना-मात्रा आपणच ओळखायच्या. एका वाक्याला पाऊण तास लागायचा. पहिलं वाक्य आलं, 'पंखा बंद करा.' अकरा आठवडे पंख्याखाली ती थंडीनं काकडत होती आणि मी तिला म्हणत होते, नाही गं हलत! दुसरं वाक्य, 'फोटो काढा.' स्मिता सांगते, त्यावर सगळे इतके हसले, इतके रडले, की काकूंना राग आला. स्मितानं एक वही केली. अक्का सांगेल ते तारीख घालून त्यात उतरवायचं. जन्मभर कमी बोललेली माझी बहीण त्या वर्षात काय काय बोलली! मशीनला तेल द्या. मंगलचा कपडा परत करा. अजितला चष्मा लागलाय, तो डोळे तपासून घेत नाही. स्मिता, तू जेवलीस का?

मी महिन्यातून दोनदा जायची आणि कॅलेंडर हातात धरून बसायची. प्रश्न भराभर मीच विचारायची. कूस बदलू? खिडकी उघडू? कोणती साडी नेसवू? हो-नाहीत भागतील असे प्रश्न. मुलं म्हणायची, मावशी किती करते आईचं! मी काही करत नव्हते. तिला अक्षरांपर्यंत पोचू देत नव्हते.

तरी एकदा ती पोचली. गणपती नुकते झाले होते. स्मिता स्वयंपाकघरात होती, अजित कामावर. दोघीच होतो. मी काही विचारलं नव्हतं तरी अक्काचे डोळे पुन्हा पुन्हा वर गेले, तेव्हा मला कॅलेंडर समोर धरावंच लागलं. मी ओळी म्हणायला लागले. एकेक अक्षर येत गेलं आणि मी वहीत लिहीत गेले. 'त्या दिवशी.' माझा हात थांबला. ती वाट बघत होती. मी पुन्हा ओळी म्हणायला लागले, आवाज माझा मलाच ऐकू येत नव्हता. 'तू.'

त्या दिवशी तू.

पुढं जे यायचं होतं ते ऐकायची माझी छाती झाली नाही. वाक्य अर्ध्यावर आलं की आम्ही सगळेच उरलेलं ओळखायचो, तिला तेवढाच त्रास कमी. मीही ओळखलं. त्या दिवशी मी साताऱ्याहून डबाभर खरवस नेला होता, ते मला आठवलं, आणि मी घाईघाईनं म्हटलं, "त्या दिवशी मी आणलेला खरवस ना? खरवस खावासा वाटतोय का गं तुला?" अक्कानं माझ्याकडं बघितलं. किती वेळ बघितलं ते सांगता येत नाही. लहानपणी फुटलेल्या काचेसमोर उभी राहून बघायची, तसं. मग तिनं डोळे वर नेले. हो.

मी वहीत लिहून टाकलं, 'त्या दिवशी तू आणलेला खरवस खावासा वाटतो.' स्मिताला हाक मारून दाखवलंसुद्धा. तोंडातून काही द्यायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. स्मिताचे डोळे भरले. "आई, बऱ्या झालात की करू हं," म्हणाली. अक्का त्यानंतर दोन महिने होती. मी चार वेळा गेले. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. स्मिताजवळही नाही, मी ती सगळी पानं चाळली आहेत. माझ्या शेवटच्या खेपेला तिनं मला विचारलं, 'गुडघे कसे?' मग छातीत कफ झाला, ताप आला, आणि चार दिवसांत सगळं आटोपलं.

दहाव्याला आम्ही कृष्णेच्या घाटावर गेलो. आदल्या दिवशी अजित चीक शोधत गावोगाव हिंडला होता. नुकतीच व्यालेली म्हैस कुणाकडं आहे, विचारत विचारत पार मिरजेच्या पुढं गेला, आणि मिळवून आला. स्मितानं पहाटे उठून खरवस केला, वेलची घालून. पिंडाशेजारी पानावर त्याची वडी ठेवली. मागं सरून उभे राहतोय तोवर कावळा आला, दुसरं कशाला न शिवता सरळ खरवसाला शिवला. बायकांच्या तोंडून एकदम हुंदका फुटला. काकू म्हणाल्या, "खरवसात जीव अडकला होता गं बाईचा." अजित तिथंच खाली बसला आणि मोकळा होऊन रडला, आईचं एक तरी करता आलं म्हणून. तेराव्याला पंगतीत सगळ्यांना खरवस वाढला. "अक्कांची शेवटची इच्छा," असं सांगून स्मिता वाढत होती. माझ्या पानात तिनं दोन वड्या घातल्या. मी दोन्ही खाल्ल्या.

त्याला आता महिना झाला. त्या घरात अक्काची कॉट मोडून ठेवलीय, पण वही मशीनवर आहे. अजित रोज कामावर जाण्याआधी एखादं पान वाचतो, असं स्मिता सांगते. खरवसाच्या पानावर त्यानं पोथीत ठेवतात तसं मोराचं पीस ठेवलंय.

स्मिता, तू ही पुरवणी दर रविवारी वाचतेस, म्हणून इथं लिहितेय, कारण तोंडानं सांगायला मी तीनदा आले आणि तीनदा चहा पिऊन परत गेले. त्या पानावर तुझ्या सासूचे शब्द तीनच आहेत. पुढचे माझे आहेत. ती हो म्हणाली हे खरं, पण ते खरवसाला नव्हतं, मला होतं. माझ्यावर दया केली की माझा नाद सोडला, ते मला या जन्मात कळायचं नाही. तिला काय सांगायचं होतं, 'त्या दिवशी तू विचारलंस आणि मी हो म्हटलं' असं, की 'त्या दिवशी तू चुकलीस', की नुसतं 'त्या दिवशी तू लवकर गेलीस', तेही नाही. ते वाक्य जगात कुणाकडंच नाही, आणि ते मी तिच्या तोंडातून काढून घेतलं. तिच्याकडं तेवढं एकच तोंड उरलं होतं.

हे छापून येईल त्याच रविवारी दुपारच्या गाडीनं येतेय. अजितला घरी थांबव. ते पीस काढून ठेव आणि मला पेन दे. तीन शब्द ठेवून पुढचं मी माझ्या हातानं खोडणार आहे, तुम्हा दोघांच्या समोर.